एका मिनिटाचं वर्ष

"वाट तुम्ही स्वतः चालून पाहिलीत ना, बाई?" मोठ्या गुरुजींनी विचारलं.

"हो, पाहिली," मी म्हणाले.

पाहिली नव्हती. तो 'हो' इतक्या सहज तोंडातून गेला की त्या क्षणी मला ते खोटं आहे असंही वाटलं नाही.

मी तेव्हा चोवीस वर्षांची होते. घाटावरून आलेली, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षणसेविका म्हणून लागलेली. तीन वर्षं नीट काढली तरच कायम करणार होते, आणि माझं दुसरं वर्ष चालू होतं. राहायला मावशीकडे, भिवंडीत कामतघरच्या चाळीत. चारही बाजूंनी कापडाचे पॉवरलूम. त्या खडखडाटात राहून मला मोठ्याने बोलायची सवय लागली होती, ती वर्गात उपयोगी पडायची. शाळा मानकोलीच्या अलीकडच्या एका गावात. सकाळी शेअर रिक्षाने जायचं, फाट्यावर उतरून भातशेतांच्या कडेने वीस मिनिटं चालायचं. त्या शेतांत तेव्हा गोडाऊनं उभी राहायला लागली होती. चार महिन्यांपूर्वी जिथे चिखलात बगळे दिसायचे तिथे पत्र्याची छपरं यायची.

सहावीला मी विज्ञान शिकवायचे. पुस्तकात तेव्हा नऊ ग्रह होते आणि त्यांचा एक तक्ता होता, कोणाला सूर्याभोवती फिरायला किती काळ लागतो त्याचा. मुलं तो घडाघडा म्हणायची. बुध अठ्ठ्याऐंशी दिवस, शुक्र दोनशे पंचवीस दिवस, शेवटी प्लुटो, दोनशे अठ्ठेचाळीस वर्षं. एके दिवशी पाड्यावरची एक मुलगी, जी वर्षभरात स्वतःहून कधी बोलली नव्हती, तिने विचारलं, "बाई, दोनशे अठ्ठेचाळीस वर्षं म्हंजे किती?"

तिच्या घरात कोणी साठीही ओलांडली नसेल. तिला कळेल असं उदाहरण मी शोधत राहिले. मग घरी जाताना रिक्षात वहीच्या मागे मी हिशेब मांडला. एक वर्ष म्हणजे एक मिनिट धरायचं. मग पृथ्वीची फेरी एका मिनिटाची. बुध पंधरा सेकंदांच्या आतच फिरून येतो. मंगळ दोन मिनिटांना थोडा कमी, गुरू बारा मिनिटं, शनी जवळजवळ अर्धा तास. युरेनस चौऱ्याऐंशी मिनिटं. नेपच्यून पावणेतीन तास. आणि प्लुटो चार तास आठ मिनिटं. आमची शाळा अकरा ते पाच. सगळं एका दिवसात बसत होतं! रिक्षात मी इतकी खूश झाले की उतरायचं ठिकाण मागे राहिलं.

मुलांनाच ग्रह करून फिरवायचं ठरवलं. मैदानाच्या मध्ये घंटेचा खांब होता, तो सूर्य. जवळच्या ग्रहांसाठी चुन्याच्या फक्कीने वर्तुळं आखली. गुरूला मैदानाच्या कडेने जायचं होतं, शनीला शाळा आणि देऊळ मिळून एक वळसा, युरेनसला गावाभोवती. नेपच्यूनने तलावाच्या बांधावरून जाऊन वडापासून वळायचं. आणि प्लुटोने वडाच्याही पुढे, शेतांच्या बांधांवरून, नाल्याच्या कडेने, मागच्या बाजूने शाळेत परत यायचं. ही शेवटची वाट मला खिचडी शिजवणाऱ्या ताईंनी तोंडी सांगितली होती. मी ती नकाशावर काढली, आणि गुरुजींना 'हो' म्हणून मोकळी झाले.

बुध व्हायला सगळे तयार. शनी व्हायला कोणी तयार नाही. शेवटी ज्या मुलाला शनी केलं त्याची आई भांडायला येईल, हीच त्या सकाळची माझी सगळ्यात मोठी भीती होती. प्लुटो कोणी मागितला नाही. तो राहिला, आणि ती पाड्यावरची मुलगीही राहिली, म्हणून तिला दिला.

तिला मी तीन गोष्टी सांगितल्या. अजून त्या जशाच्या तशा आठवतात. "हळू चाल, घाई करायची नाही. वाट सोडायची नाही. आणि मागे फिरायचं नाही. ग्रह कधी मागे फिरतो का?"

"न्हाय," ती म्हणाली आणि निघाली. नेपच्यून झालेला मोठा मुलगा तिच्याबरोबर होता.

साडेअकराला घंटा दिली. पहिला अर्धा तास मजेचा गेला. बुध धापा टाकत होता. चंद्र झालेल्या मुलाला पृथ्वीभोवती साडेचार सेकंदांत एक फेरी मारायची होती, सत्तावीस दिवसांच्या हिशेबाने. तीन मिनिटांत त्याला गरगरलं आणि तो पृथ्वीच्याच अंगावर ओकला. शनी बारा वाजता देवळाला वळसा घालून प्रसादाचं खोबरं खात आला. युरेनस एकच्या सुमारास.

एक वाजता खिचडी वाढायला घेतली. ताई म्हणाल्या, "बाई, ती पाड्यावरची पोर न्हाय आली जेवायला?"

"ती प्लुटो आहे. साडेतीनच्या पुढे येईल."

ताईंनी डाव खाली ठेवला. "मंग ती खानार कधी? घरी रातपावतर काय न्हाय मिलत तिला."

माझ्या हातातला वाडगा तसाच राहिला. चार तास आठ मिनिटांच्या हिशेबात मी तिची भूक धरली नव्हती. ताईंनी एका ताटलीत तिची खिचडी काढून वर दुसरी ताटली उपडी ठेवली.

दीडच्या सुमारास नेपच्यून आला. सव्वादोनला यायचा तो पाऊण तास आधीच आला, आणि त्याच्या खिशांत बोरं होती. मी रागावणार, तेवढ्यात तोच म्हणाला, "बाई, तिकडं भिंत हाय."

"कुठे?"

"वडाच्या पुढं. मी तिच्यासंगती गेलो बघायला. वाटच न्हाय तिकडं, सगळी भिंत. मी बोललो, चल फिरू मागं."

"आणि ती?"

"ती बोलली, बाईंनी मागं फिरू नको सांगितलंय. भिंतीच्या कडंकडनं गेली. मी हाक मारली, तरी गेली."

"कुठल्या बाजूला?"

त्याने हात लांब केला. हायवेच्या बाजूला.

मी आधी गुरुजींकडे जायला हवं होतं. गेले नाही. गेले असते तर 'वाट पाहिली होतीत ना' हा प्रश्न आला असता. त्या मुलाला बरोबर घेऊन मी शाळेच्या फाटकातून धावत सुटले. आज हे लिहितानाही त्याची लाज वाटते, की मूल हरवलेलं असताना माझ्या मनात नोकरी होती.

तलावाच्या बांधावर शाळा समितीचे अध्यक्ष मोटारसायकलवरून येताना दिसले. गावातलेच, खाडीकाठच्या जुन्या घरातले, गळ्यात जाड साखळी. मला त्यांचा धाक वाटायचा. बाहेरून आलेल्या बायांना काय शिकवता येतं, असं ते एकदा तोंडावर म्हणाले होते. मी हात करून त्यांना थांबवलं आणि धापा टाकत सगळं सांगितलं.

त्यांनी गाडी बंद केली. "कुठल्या वाटेनं पाठवलीत?"

"वडापासून बांधावरून नाल्याकडे."

"ती वाट दिवाळीनंतर बंद झाली ना बाई. तिथं गोडाऊन झालं. माझीच जमीन व्हती ती." त्यांनी वडाकडे पाहिलं. "तुम्ही गेला न्हाय का कधी तिकडं?"

मी नाही म्हणून मान हलवली. पहिल्यांदा खरं सांगितलं, ते असं.

"बसा मागं," ते म्हणाले. मुलाला त्यांनी पुढे टाकीवर घेतलं.

भिंत वडापासून सुरू झाली होती आणि संपायचं नाव घेत नव्हती. तिच्या कडेला चिखलात लहान पावलं दिसत होती, अनवाणी. मी गाडीवरून ती बघत होते. एका जागी पावलं नाल्यात उतरली होती. भरतीचं पाणी तिथवर यायचं. अध्यक्षांनी गाडी थांबवली, आणि आम्ही तिघंही त्या काळ्या पाण्याकडे पाहत उभे राहिलो. माझ्या कानात नुसता लूमसारखा आवाज चालू झाला. मग मुलगा ओरडला, "त्या बाजूला चढलीय!" पलीकडच्या काठावर पावलं पुन्हा दिसली. अध्यक्षांनी गाडी मोरीवरून पलीकडे घेतली.

पुढे भिंत वळून सर्व्हिस रोडला लागली. तिथे डांबर. डांबरावर पावलं उमटत नाहीत. एकामागून एक कंटेनर जात होते, त्यांची चाकं तिच्या उंचीची. मी प्रत्येक चाकाखाली बघत होते. खोटं नाही, खरंच बघत होते.

गोडाऊनच्या गेटवर वॉचमन होता. वयस्क, उत्तरेकडचा.

"इधर कोई लडकी आई थी? छोटी, निळा... नीला स्कर्ट, सफेद शर्ट?"

"नही मॅडम, इधर कोई लडकी नही आई." पण तो बोलताना अध्यक्षांच्या साखळीकडे बघत होता.

अध्यक्ष खाली उतरले. "चाचा, पोर हरवलीय. खरं सांग. तुला कोन काय करनार न्हाय."

वॉचमनने डोक्यावरची टोपी काढली. बाराच्या पुढे एक पोरगी ट्रकच्या मागून आत घुसली होती, त्याने सांगितलं. तो ओरडला होता. चोरी करायला पोरं येतात, भंगार उचलतात. ती आत पळाली. मग दिसली नाही. त्याला वाटलं, दुसऱ्या बाजूने निघून गेली.

"दुसऱ्या बाजूला रस्ता आहे?"

त्याने टोपी पुन्हा डोक्यावर घातली. नव्हता.

आत शटरांची रांग होती. हमाल सावलीत डबे सोडून बसले होते. त्यांतला एक म्हणाला, चार नंबर अर्धं उघडं होतं, जेवायच्या सुट्टीला बंद केलं, कुलूप लावलं. चावी सुपरवायझरकडे. सुपरवायझर भिवंडीला बँकेत. त्याचा मोबाइल लागत नव्हता.

मी चार नंबरच्या शटरवर हात आपटले. तिचं नाव घेऊन ओरडले. "मी आहे, बाई! आत आहेस का?"

काही नाही. शटरखाली चार बोटांची फट होती. मी जमिनीवर आडवी झाले आणि फटीला तोंड लावलं. आतून वास आला, रंगाच्या कारखान्याचा असतो तसा, डोळ्यांना झोंबणारा.

"आत काय आहे?" मी विचारलं.

"ड्रम है, मॅडम," हमाल म्हणाला. "केमिकल का."

मी पुन्हा ओरडले. आत कुणीतरी खोकलं. अगदी हळू, तोंडावर हात धरून खोकावं तसं.

"ती घाबरलीय," नेपच्यून झालेला मुलगा माझ्याजवळ आडवा झाला. "अगं ये! वॉचमन मारत न्हाय. बाई हायेत हितं. बोल ना!"

बऱ्याच वेळाने आवाज आला. "बाई, माझे चार तास झाले काय?"

मला रडू फुटलं. मी घड्याळ पाहिलं. "नाही झाले गं. अजून आहे वेळ."

"मी थांबले ना बाई. थांबायचं नव्हतं."

"चालतं. फटीकडे ये. तोंड खाली ठेव, इथून हवा येते."

सरपटत आल्याचा आवाज झाला आणि फटीतून तिची बोटं बाहेर आली, चिखलाने भरलेली. ती मी धरली. ती मध्येच खोकायची आणि बोटं आक्रसायची. डोळ्यांची आग होते म्हणाली. मग डोकं दुखतं म्हणाली. मग काही म्हणेना.

"कुलूप तोडा," मी उठून म्हणाले.

वॉचमनने हात जोडले. "मेरी नौकरी जाएगी, मॅडम."

"माझी पण जाईल," मी मराठीतच म्हणाले. त्याला कळलं असावं, कारण तो बाजूला झाला. पण हमालही हलेनात. मी एक दगड उचलून कुलपावर घातला. कुलूप तसंच राहिलं, माझं बोट चेचलं.

अध्यक्ष ट्रकमधून पहार घेऊन आले. "जमीन माझी व्हती," ते कुणाला उद्देशून म्हणाले कळलं नाही. तिसऱ्या घावाला कडी निघाली. हमालांनी शटर वर ढकललं.

ती पालथी पडली होती. अध्यक्षांनी तिला उचलून उन्हात आणलं. डोळे लाल, ओठ कोरडे. वॉचमनने आपल्या बाटलीतलं पाणी तिच्या तोंडावर मारलं. तिने डोळे उघडले, ओकारी काढली, आणि मला ओळखलं. उठून बसायला तिला दहा मिनिटं लागली असतील. डॉक्टरकडे नेलं. फाट्यावरच्या दवाखान्यात डॉक्टरांनी तपासलं आणि म्हणाले, आणखी तासभर आत राहिली असती तर सांगता आलं नसतं.

साडेचारला आम्ही तिला पाड्यावर पोचवलं. तिची आई नुकतीच वीटभट्टीवरून आली होती, केसांत लाल धूळ. मी सगळं सांगितलं, वाट पाहिली नव्हती हेसुद्धा. ती ऐकून घेत होती, लेकीच्या डोक्यावरून हात फिरवत. माझं संपल्यावर तिने विचारलं, "तुमी का नाय गेल्या तिच्यासंगं?"

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने फक्त विचारलं, जाणून घ्यायचं म्हणून.

शाळेत परतले तेव्हा गुरुजी ओट्यावर उभे होते. त्यांना मी म्हणाले, "मी खोटं बोलले होते." त्यांनी खिशातलं पेन काढून माझ्यापुढे धरलं. मग म्हणाले, "लेखी द्या." मी दिलं. त्यावर पुढे मेमो आला, वरून साहेब येऊन गेले. नोकरी राहिली. अध्यक्षांनी साहेबांना काहीतरी सांगितलं असं नंतर कानावर आलं. त्यांनी स्वतः कधी विषय काढला नाही.

दुसऱ्या दिवशी मी नेहमीपेक्षा लवकर शाळेत गेले. गावातले पालक फाटकात जमतील, असं वाटत होतं. जमलं कोणी नाही. फक्त तिची आई आली, लेकीला घेऊन. मुलगी आपल्या जागी बसली. आई वर्गाच्या मागे, भिंतीला टेकून जमिनीवर बसली.

"काही हवं होतं का?" मी विचारलं.

"नाय. बसते हितं."

ती पाच वाजेपर्यंत बसली. दुसऱ्या दिवशीही. तिची रोजी बुडत होती, तरी रोज आली. मी फळ्याकडे वळले की तिची नजर पाठीवर जाणवायची. मधल्या सुट्टीत मुलं मैदानात गेली की ती दारात उभी राहून लेकीवर लक्ष ठेवायची, आणि मी खिडकीत उभी राहून सगळ्यांची डोकी मोजायचे.

पाचव्या दिवशी मी ग्रहांचा राहिलेला धडा पुढे नेला. फळ्यावर लिहिलं, चंद्राला पृथ्वीभोवती एक फेरी पूर्ण करायला सत्तावीस दिवस आणि वर काही तास लागतात.

"नाय," मागून आवाज आला.

सगळी मुलं मागे वळली. तिची मुलगी खाली बघायला लागली.

"पुनवंपासून पुनव सत्तावीस दिसांनी नाय येत," आई म्हणाली. "येकदा तीस, येकदा येकोनतीस. आमी मोजतो."

पुस्तक माझ्या हातात होतं. पुस्तकात सत्तावीस होते. आणि ती बरोबर होती, पौर्णिमा सत्तावीस दिवसांनी येत नाही हे मलाही ठाऊक होतं. फक्त मी दोन्ही गोष्टी कधी शेजारी ठेवल्या नव्हत्या. 'पुस्तकात असंच आहे' हे शब्द अगदी ओठांवर आले होते. मी म्हणाले, "मला माहीत नाही. शोधून सांगते."

दोन दिवस लागले. हायस्कूलच्या एका सरांना विचारलं, कागदावर वर्तुळं काढली. मग सगळ्यांना मैदानात नेलं आणि तिच्या आईला म्हणाले, "तुम्ही मध्ये उभ्या राहा. तुम्ही सूर्य." ती लाजली, पण पदर खोचून उभी राहिली. तिच्या लेकीला मी पृथ्वी केलं आणि मी स्वतः चंद्र झाले. सूर्य, पृथ्वी आणि मी एका ओळीत, पृथ्वी मधोमध, ही पुनव. मग मी लेकीभोवती हळूहळू फिरू लागले आणि लेक आईभोवती पुढे सरकू लागली. लांबच्या टेकडीकडे माझं तोंड जसं आधी होतं तसं पुन्हा झालं, तेव्हा माझी फेरी पुरी झाली. हे सत्तावीस दिवस. पण लेक तोवर पुढे गेली होती, आणि आम्ही तिघी एका ओळीत नव्हतो. ओळीत यायला मला आणखी थोडं चालावं लागलं.

"हे ते वरचे दोन दिवस," मी म्हणाले. "दोन आणि थोडे वर. पृथ्वी जागेवर थांबत नाही, म्हणून चंद्राला तेवढं जास्त चालावं लागतं."

आईने मला तसंच पुन्हा करायला लावलं. दोनदा. तिसऱ्यांदा तिने स्वतः पावलं मोजली आणि "हां," म्हणाली.

त्या संध्याकाळी जाताना ती दारात थांबली. "उद्यापासून भट्टीवर जाते," ती म्हणाली. "हिला येकटी पाठवीन. नाय पोचली तर तुमी यायचं पाड्यावर. दुसऱ्या कुनाला पाठवायचं नाय."

"मीच येईन," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी साडेदहालाच मी फाटकाशी उभी होते. पाड्याकडून येणारी टेकडीवरची वाट तिथून दिसते, पण मधल्या झाडीत ती लपते. तिथे शिरलेल्या माणसाला बाहेर यायला पाच मिनिटं लागतात. मुलगी झाडीत शिरताना दिसली. मी घड्याळ बघत राहिले. गुरुजी मागून म्हणाले, "बाई, हजेरी." मी हललेच नाही. ती बाहेर आली, एका हातात चप्पल, दुसऱ्या हातात पाटी-दप्तर, आणि मला पाहून धावायला लागली.

"हळू!" मी ओरडले, आणि लगेच म्हणाले, "नाही, नाही, पळ. पळत ये."